केसपेपरची मागची बाजू

४ फेब्रुवारी

वहिनी,

पोचले. ताईने मला गाडीतून कपाट उतरवतात तसं उतरवून घेतलं. "सांभाळून, कोपरा लागेल," असं ड्रायव्हरला सांगत होती. कोपरा म्हणजे मी.

मणक्याच्या डॉक्टरांनी सहा आठवडे झोपून राहायला सांगितलं होतं, ताईने त्याचे आठ केले. थोरली बहीण असली की डॉक्टरांचा सल्ला हा नुसता पाया असतो, वरचे मजले ती बांधते. फोनही काढून घेतलाय. गाडीत पडल्या पडल्या मी तीन पेशंटना औषधं सांगितली, ते तिने ऐकलं. आता फोन तिच्या कपाटात, साड्यांखाली. दवाखान्यातून फोन आला तर "झोपली आहे" असं सांगणार, मी समोरून कितीही ओरडत असले तरी. म्हणून पत्रच लिहा. पत्राने कंबर हलत नाही, असं तिचं मत आहे.

आता बदली डॉक्टरचं. आठ आठवडे दवाखाना बंद ठेवला तर माणसं चौकातल्या त्या काचेच्या नव्या दवाखान्यात जातील. तिथे गार हवा आहे आणि मऊ कोच आहेत. एकदा कोचावर बसलेला माणूस आपल्या बाकावर परत येत नाही. तेव्हा बदली डॉक्टर हवाच. पण माझ्यापेक्षा हुशार नको. मूर्खही नको. लोकांनी "ठीक आहेत, पण आपल्या बाईंसारखं नाही" असं म्हणावं, इतपतच चांगला. हे कुणाला दाखवू नका.

त्याला माझी खुर्ची देऊ नका, घडीची द्या. माणूस एकदा टेकला की मुक्काम करतो. आणि केसपेपरची पुढची बाजूच दाखवा. मागे मी पेन्सिलीने जे खरडलेलं असतं ते कुणाच्या कामाचं नाही. पान भरलं तर नवीन लावा, उलटू देऊ नका.

वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या खोलीची खिडकी मधूनमधून उघडत जा. नुसती पडून असते, कोंदट होते.

आणि "बाई कधी येणार" असं रोज किती जण विचारतात, ते मोजून कळवा. सहज.

तुमची नणंद (आडवी)

*

११ फेब्रुवारी

वन्सं,

सा. न. अटी वाचल्या. धरली ती कंबरच, स्वभाव मोकळा आहे, हे कळून बरं वाटलं.

"मध्यम डॉक्टर पाहिजे" अशी जाहिरात दिली असती तर कोण आलं असतं? म्हणून नुसतं "बदली डॉक्टर पाहिजे" एवढंच दिलं आणि मध्यमपणा मुलाखतीत बघायचं ठरवलं. मुलाखत मी आणि शेजारच्या न्हावीकाकांनी घेतली. मला एकटीला भीती वाटत होती आणि त्यांचं दुकान तेव्हा रिकामं होतं. काकांनी दोनच प्रश्न विचारले: "हात थरथरतो का?" आणि "गिऱ्हाईक बोलत असताना मध्ये बोलता का?" मला वाटतं, दोन्ही धंद्यांना पुरतील असे प्रश्न आहेत.

निवडले ते एक निवृत्त सर्जन. तीस वर्षं मोठ्या हॉस्पिटलात कापाकापी केलेले. मी म्हटलं, यांना सर्दीखोकल्यातलं फार कळत नसणार, म्हणजे आपल्या अटीत बसतील.

पहिल्या दिवशी चार सर्दीची माणसं बघून त्यांनी चार जांभया दिल्या. पाचवा टपालवाला, खोकल्याचा. घसा बघता बघता डॉक्टरांना त्याच्या मानेवरचा मस दिसला आणि वन्सं, काय सांगू, माहेरचं माणूस दिसावं तसा चेहरा उजळला!

"हा काढून टाकू."

"अहो, मला खोकला आहे."

"खोकला जाईल आपला आपण. हा नाही जाणार."

टपालवाला मागच्या दाराने पळाला, तो पत्रांची पिशवी इथेच टाकून. त्या दिवशी गल्लीत कुणाला पत्र नाही. दुसऱ्या दिवसापासून पेशंट मफलर, पायमोजे, लांब बाह्या घालून यायला लागले. इतका उकाडा आणि बाकावर सगळे गुंडाळलेले! ज्याच्या अंगावर तीळ आहे तो हात खिशातून काढेना.

चौथ्या दिवशी तुमची अट क्रमांक दोन लागू पडली. घडीची खुर्ची मिटली आणि डॉक्टरांचं बोट आत. रक्ताचा एक थेंब आला. तीस वर्षं दुसऱ्याचं रक्त बघितलेला माणूस स्वतःचा थेंब बघून खाली बसला. मी बोट बांधलं, पाणी दिलं, फुंकरही घातली. "इथे कापण्यासारखं काही नाही," म्हणून ते गेले. बोटाचं तेवढं जपायला सांगितलं मी.

वरची खोली उघडते रोज. पडदे नवे दिसतायत. विटकरी! माझा आवडता रंग. कोण पाहुणं येणार आहे का?

"बाई कधी येणार" विचारणारे: रोजचे सरासरी तेवीस.

तुमची वहिनी

*

१७ फेब्रुवारी

वहिनी,

हसले आणि कंबरेत उसण भरली. ताईने तुमचं पत्र जप्त करून स्वतः वाचलं, आणि मग आम्ही दोघी हसलो. तिने मला हसायला मनाई केली आहे आणि स्वतः स्वयंपाकघरात जाऊन हसते.

तेवीस म्हणजे बरे आहेत. कोण कोण? शाळेच्या मुख्याध्यापिका विचारतात का? पेन्शनरकाका? सहज विचारते. इथे दिवसभर छताकडे बघत असते. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर कुणी "आ" करत नाहीये. परवा ताई जांभई देत होती, मी सवयीने "जीभ बाहेर काढ" म्हटलं.

दुसरा डॉक्टर जरा नरम बघा. लोकांना घाबरवणारा नको.

पाहुणं कुणी नाही. शिंप्याकडे कापड उरलं होतं.

तुमची नणंद

*

२५ फेब्रुवारी

वन्सं,

नरम हवा होता ना? मिळाला. इतका नरम की कुणीही यावं आणि बोट रुतवून जावं.

बदली डॉक्टर पुरवणारी एक कचेरी आहे, तिथल्या मुलीला फोन केला. तिने विचारलं, "कसे डॉक्टर हवेत?" म्हटलं, गरीब स्वभावाचे. दुसऱ्या दिवशी नऊला हे हजर. गोरे, घामेजलेले, दारातच मला नमस्कार केला, वजनकाट्यालाही केला असावा.

ते कुणाला नाही म्हणत नाहीत. पेशंट येऊन रोग सांगतो, औषध सांगतो, हे लिहून देतात. वर "आणखी काही?" असं विचारतात. दोन दिवसांत गल्लीभर बातमी. लोक याद्या घेऊन यायला लागले. बेकरीवाल्या काकूंनी स्वतःची, यजमानांची आणि माहेरच्या पाच जणांची औषधं नेली. यजमानांना काय होतंय विचारलं तर म्हणाल्या, "अजून काही नाही, पण होईल." मी त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या काउंटरवरच फाडल्या, तुमची शप्पथ. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांपलीकडे काही जाऊ दिलं नाही.

खरा घोटाळा दाखल्यांचा झाला. शिंप्याने दाखला नेला की, त्याचा उजवा हात दुखतोय म्हणून कपडे उशिरा मिळतील. तो त्याने दुकानात लावला. ते बघून शाळेच्या एका मास्तरांनी नेला, डोळे आले म्हणून. मग दुसऱ्यांनी. बुधवारी शाळेत खेळाच्या स्पर्धा आणि अकरा शिक्षकांचे डोळे आलेले. मुख्याध्यापिका बाई तडक दवाखान्यात.

"माझी अख्खी शाळा आंधळी केलीत तुम्ही!"

डॉक्टर उठून उभे राहिले. घामाघूम. म्हणाले, "चुकलंच माझं. बसा ना. तुम्हालाही त्रास झाला असेल."

"झालाय तर! डोकं फुटायची वेळ आलीय."

"मग... दाखला देऊ?"

आणि वन्सं, बाईंनी घेतला! स्पर्धांना फक्त शिपाई आणि मुलं होती. मुलं म्हणे फार शिस्तीत खेळली.

डॉक्टरांना मीच जड मनाने निरोप दिला. जा म्हटल्यावर त्यांनी तेही मान्य केलं.

"बाई कधी येणार": एकतीस. बावीस काळजीने, नऊ जण तुम्ही यायच्या आत आणखी एक दाखला मिळतो का बघायला.

तुमची वहिनी

ता. क. परवा शेवटची बस चुकली म्हणून वरच तुमच्या दिवाणावर झोपले. माझ्या छापखान्यामागच्या खोलीत यंत्र सुरू झालं की खाट चालायला लागते. इथे खाट जागच्या जागी राहते. बरं वाटलं.

*

३ मार्च

वहिनी,

वाचून उठून बसले. ताईने परत झोपवलं. मी म्हटलं, मी निघाले. तिने माझ्या चपला लपवल्यात. साठीच्या बाईला चपलांवाचून कोंडून ठेवलंय, आणि मी कुठे तक्रार करू?

शेवटचा प्रयत्न करा. बदली डॉक्टरचं काम एवढंच की खुर्ची उबदार ठेवायची (घडीची). नवीन काही करायचं नाही, जुनं काही बिघडवायचं नाही. आणि मध्यम, वहिनी, मध्यम! मध्यम माणूस शोधणं इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. आपण तर रोज आरशात बघतो.

बस चुकली की वरच झोपत जा. दिवाणावर कशाला? दुसऱ्या खोलीत पलंग आहे.

एकतीस जण, हे वाचून झोप लागली.

तुमची नणंद

*

१४ मार्च

वन्सं,

तिसरी डॉक्टर आली. मुलगी आहे, तीस-बत्तीसची. पिशवी तिच्यापेक्षा मोठी, म्हणून न्हावीकाका तिला पिशवीवाली म्हणतात. काम ठीक करते. मध्यम आहे. काळजी नसावी.

इकडे सगळं ठीक. कुंड्यांना पाणी घालते.

तुमची वहिनी

*

१८ मार्च

वहिनी,

सहा ओळी! बत्तीस वर्षांत तुम्ही मला निरोपाची चिठ्ठीसुद्धा सहा ओळींची लिहिली नाहीत. "दूध वर ठेवलंय" हे सांगायला तुम्हाला पान लागतं. दादा म्हणायचा, ही गप्प बसली की घर तपासावं.

सरळ उत्तरं द्या. रोज किती पेशंट? ती कुठे बसते? आणि तो आकडा कुठाय? विचारणाऱ्यांचा?

तुमची नणंद

*

२२ मार्च

वन्सं,

पकडलंत. सांगते, पण आधी पालथ्या होऊन झोपा.

पेशंट रोज चाळीसच्या वर. न्हाव्याच्या दुकानातला बाक आणून ठेवलाय. काचेच्या दवाखान्यातून पाच जण परत आले, कोच सोडून. ती तुमच्या खुर्चीत बसते, उशीसकट. घडीची खुर्ची दिली होती, पण पहिल्याच दिवशी एका आजींना बसायला काही नव्हतं, तिने स्वतःची उचलून दिली आणि उभ्याने तपासायला लागली. दोन तास मी बघितलं. मग मलाच कसंतरी झालं.

आणि ती मागची बाजू वाचते.

दोष माझा. पेन्शनरकाकांचं पान भरलं होतं, मी नवीन आणायला उठले, तेवढ्यात तिने उलटलं. मागे तुमची पेन्सिल: "मांजर हरवलं. विचारणे." तिने मान वर करून अगदी मनापासून विचारलं, "काका, मांजर सापडलं का?"

वन्सं, ते मांजर हरवून सात वर्षं झाली. मी डोळे मिटून घेतले. काकांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "नाही हो." आणि अर्धा तास मांजराविषयी बोलले. त्याचा डावा कान, त्याचं दूध, खिडकीत वाट बघणं. जाताना काठी विसरून गेले, इतके हलके झाले होते.

मग तिला ती गोडीच लागली. प्रत्येकाचं पान उलटते आणि जे लिहिलंय ते विचारते. तारीख बघत नाही. बेकरीवाल्या काकूंना म्हणाली, "सासूबाई अजून तसंच करतात का?" सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली. काकू आधी दचकल्या, मग हसल्या, मग पदर तोंडाला लावला. म्हणाल्या, "आता कुणी करत नाही हो तसं. घर कसं सुनं सुनं वाटतं." शिंप्याला, "ते उजव्या बाहीचं जमलं का?" तो म्हणाला, जमलं, आता डावी बिघडते.

लोकांना वाटतं, काय ही मुलगी, काल आली आणि आपलं सगळं हिला ठाऊक! म्हणून गर्दी.

आणि आकडा. मी मोजत होते, रोज. आधी वीस, मग आठ. परवा दोन. काल कुणीच नाही. हे लिहवत नव्हतं म्हणून सहा ओळी लिहिल्या.

अजून एक आहे, तेही सांगून टाकते. काल मुख्याध्यापिका आल्या. मुलीने पान उलटलं. मुख्याध्यापिकांना समोरच्याचं लिहिलेलं उलटं वाचायची सवय. तीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्यात. त्यांनी वाचलं: "रक्तदाब ठीक. नाटकी. सुटीच्या आदल्या दिवशीच आजारी." मग बाहेर बाकावर जाऊन सगळ्यांना सांगितलं. आज सकाळी दार उघडलं तर रांग रस्त्यापर्यंत. आजारी कुणीच नाही. सगळे एकच म्हणतात, "आमची मागची बाजू दाखवा."

काय करू? लवकर कळवा. मी आत्ता कपाटाला पाठ लावून बसलेय.

तुमची वहिनी

*

२६ मार्च

वहिनी,

कुलूप लावा! जाळून टाका म्हणणार होते, पण पुढच्या बाजूला औषधं आहेत. पेन्शनरकाकांच्या मांजराखाली "कंजूष, गोळी अर्धी घेतो, अर्धी जपून ठेवतो" असं आहे. शिंप्याच्या मागे "तारखा खोट्या सांगतो, लक्षणंही" असं आहे. न्हाव्याच्या मागे काय आहे ते आठवूनच घाम फुटला. एका पेशंटमागे दुसरा येईपर्यंत दोन मिनिटं मिळायची, त्यात जे मनात येईल ते लिहायचे. नाहीतर रात्रीपर्यंत सगळी माणसं डोक्यात राहायची. माझं डोकं रिकामं करायची ती जागा होती.

आता मी कोणत्या तोंडाने येऊ? आणि कशाला येऊ, खरं सांगा. आता तर कुणीच विचारत नाही. बत्तीस वर्षं मला वाटत होतं, लोक माझ्याकडे येतात. ते तर "मांजर सापडलं का" या प्रश्नाकडे येत होते. विचारणारं कुणीही चालतं. मी स्वतः तो प्रश्न सात वर्षांपूर्वी लिहिला आणि परत कधी विचारलासुद्धा नाही, त्या पोरीने विचारला. मग ती हुशार की मी?

तिलाच विचारा, दवाखाना कायमचा चालवते का. वरचा मजला माझा राहील, खाली तिचा. तुमची नोकरी तशीच राहील, ही अट घाला.

कुलूप लावा. तुमचाही केसपेपर आहे त्यात, तो तर मुळीच बघू नका.

तुमची नणंद

*

३० मार्च

वन्सं,

"मुळीच बघू नका" असं लिहिल्यावर न बघायला मी काय दगड आहे? त्यावर शेवटी बोलते. आधी लोकांचं ऐका.

तुमचं पत्र यायच्या आत कपाट पडलं. म्हणजे पडलं नाही, मीच उघडलं. पिशवीवाली म्हणाली, "मावशी, ज्याचं त्याला दाखवा, दुसऱ्याचं नको." म्हणून एकेकाला आत बोलावून, दार लावून, आपापलं वाचायला दिलं. नंबर मीच पुकारले. वाचून माणसं मुकाट्याने घरी गेली. मला वाटलं, संपलं, आता काचेचा दवाखाना भरणार.

दुसऱ्या दिवशी सगळे परत आले, दुरुस्त्या घेऊन. पेन्शनरकाकांनी "कंजूष" खोडून "काटकसरी" लिहिलं आणि खाली सही केली. शिंप्याने "मंजूर" लिहिलं. मुख्याध्यापिकांनी लाल पेन आणून तुमचं शुद्धलेखन तपासलं. दहापैकी साडेसहा दिलेत. शेरा: "अक्षर सुधारावे. निरीक्षण उत्तम." न्हावीकाकांच्या मागे काय होतं ते आता सगळ्या गल्लीला माहीत आहे, कारण त्यांनी त्याची नक्कल करून आरशाशेजारी लावली आहे: "ऐकतो कमी, बोलतो फार. कान स्वच्छ आहेत." बेकरीवाल्या काकूंनी मात्र त्यांचं पान दोनदा वाचलं. "सासूबाई: दर वेळी विचारणे. उत्तर ऐकताना घड्याळाकडे बघू नये." मला म्हणाल्या, "बघायच्या नाहीत हो कधी घड्याळाकडे. मला वाटायचं, यांचं घड्याळ बंद असेल."

दवाखाना कायमचा घेते का, हे मुलीला विचारलं. ती खूप हसली. चार वर्षं बदलीचं काम करतेय, सव्वीस दवाखाने झाले म्हणे. म्हणाली, "मावशी, कुठेच मला कोण कोण आहे ते कळायच्या आत मूळ डॉक्टर परत येतात. इथे पहिल्या दिवसापासून कळलं, कारण लिहिलेलं होतं. मी फक्त मोठ्याने वाचलं. हे सगळं परत लिहायला मला बत्तीस वर्षं लागतील. बाईंना सांगा, लवकर या, प्रश्न संपत आलेत." आठवड्यातले दोन दिवस येईन म्हणते, म्हणजे तुमच्या कंबरेला आराम. पण तिला टेकायची खुर्ची हवी. मी हो म्हटलंय. मणक्याच्या डॉक्टरांचं तुम्ही ऐकत नाही, माझं ऐका.

आता माझं पान.

ते मी वरती जाऊन वाचलं, विटकरी पडद्याच्या खोलीत. पहिली ओळ हे गेले त्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्याची. "झोप येत नाही म्हणते. येते. दुपारी काउंटरवर डोकं टेकून झोपते. उठवू नये, पेशंट थांबवून ठेवावेत." म्हणून त्या दुपारी सगळे इतके गप्प बसायचे! मला वाटायचं, आजारी माणसं, दमलेली असतात.

मग: "नोकरी दिली. तिला वाटतं मी उपकार केले. वाटू दे, नाहीतर जाईल." मग: "बीपी घेताना हसते, म्हणून जास्त येतो. दहा वजा करणे." आणि मग, वन्सं, अकरा वेळा, अकरा वेगवेगळ्या तारखा घालून एकच ओळ. "विचारणे: वरच्या खोलीत राहायला येता का?" आणि प्रत्येकीपुढे, "विचारले नाही." एकदा "पाऊस होता, विचारले नाही." एकदा "तिने नवा कुकर घेतलाय, विचारले नाही." आणि सगळ्यांत खाली बारावी, तुम्ही निघालात त्या सकाळची: "पडदे लावले. परत आल्यावर विचारणे."

बत्तीस वर्षं जगाला "कुठे दुखतंय" विचारणारी बाई, आणि घरच्या माणसाला एक प्रश्न विचारायला कुकर आडवा येतो?

मी तुमच्या पेन्सिलीने खाली उत्तर लिहिलंय. "येते." पण माझ्याही अटी आहेत. कुकर माझा राहील, तुमचा शिट्टी देत नाही, नुसता उसासे टाकतो. सकाळी मला "जीभ बाहेर काढा" म्हणायचं नाही. आणि रात्री एकीने तरी आधी झोपायचं, दोघी बोलत बसलो तर दवाखाना कोण उघडणार?

तुमचा केसपेपर कपाटात नव्हता. बत्तीस वर्षांत कुणी केलाच नाही, म्हणून मी केला. पुढे तुमची कंबर लिहिली आहे. मागे अजून कोरं आहे, एकच ओळ टाकली: "आडवी असतानाही आकडे मोजते. दर वेळी विचारणे."

आजचा आकडा: "बाई कधी येणार" विचारणारे छपन्न. सगळ्यांना तुमच्याशी भांडायचं आहे.

आणि एक मी. म्हणजे सत्तावन्न.

तुमची वहिनी

*

२ एप्रिल

वहिनी,

ताईने माझ्या चपला काढून दिल्या. तुमचं पत्र तिने आधी वाचलं, मग मला दिलं, आणि पिठाच्या डब्यामागून चपला आणून पायापाशी ठेवल्या. म्हणाली, "अजून आठवडाभर ठेवून घेणार होते, पण जा. तिथे विचारणारी माणसं आहेत."

गुरुवारी दुपारच्या गाडीने येते. मुलीला टेकायची खुर्ची आणा. घडीची मी वापरेन, बोटं सांभाळून.

मुख्याध्यापिकांना सांगा, साडेसहा मान्य नाहीत, फेरतपासणीसाठी अर्ज करणार आहे. आणि पेन्शनरकाकांना थांबवून ठेवा. त्यांना मांजराचं नाव विचारायचं राहून गेलं होतं.

छापखान्यामागची खोली सोडायचं घरमालकाला आजच सांगा. उद्यावर टाकू नका. टाकलेल्या प्रश्नाचं काय होतं ते मला ठाऊक आहे.

उसासे टाकणारा कुकर भंगारात देऊन टाका.

तुमची नणंद
(उभी)